विक्रमाचा दावा करण्यापूर्वी या चुका टाळा

कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात मल्लाची पाठ लागली की निकाल हजारो डोळ्यांनी एकाच वेळी पाहिलेला असतो. अ‍ॅथलेटिक्समधील विक्रमाला तेवढी साक्ष पुरत नाही. तो यंत्रांवर, कागदांवर आणि स्पर्धेपूर्वी केलेल्या तयारीवर उभा असतो, आणि ती तयारी राहून गेली तर खेळाडूची कामगिरी कितीही मोठी असली तरी नंतर काहीही करता येत नाही. कोल्हापूर परिसरातील क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक आणि शर्यतींचे संयोजक यांनी जागतिक विक्रमांचे निकष म्हणूनच समजून घ्यावेत.

सर्वाधिक दुर्लक्ष वाऱ्याकडे होते. 100 व 200 मीटर धावणे, 100 व 110 मीटर अडथळ्यांच्या शर्यती, लांब उडी आणि तिहेरी उडी या प्रकारांत पाठीमागून येणारा वारा सेकंदाला 2.0 मीटरपेक्षा अधिक असेल, तर निकाल वैध राहतो; विक्रम मात्र होत नाही. 2022 मध्ये युजीन येथे नायजेरियाच्या टोबी अमुसान हिने अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत 12.06 सेकंद वेळ दिली, पण वारा 2.5 होता, त्यामुळे त्याच दिवशी उपांत्य फेरीत 0.9 वाऱ्यात नोंदवलेली 12.12 हीच वेळ जागतिक विक्रम ठरली. पवनमापक आणला म्हणजे काम झाले, असेही समजू नये. तो 100 मीटरसाठी अंतिम रेषेपासून 50 मीटरवर, धावमार्गापासून दोन मीटरच्या आत आणि 1.22 मीटर उंचीवर असावा लागतो, आणि त्याच्यासमोर कोणीही उभे राहता कामा नये. क्युबाच्या इव्हान पेद्रोसोने 1995 मध्ये सेस्त्रिएर येथे लांब उडीत 8.96 मीटर, म्हणजे विक्रमापेक्षा एक सेंटिमीटर अधिक उडी मारली होती. पवनमापकासमोर एक व्यक्ती उभी राहिल्याच्या वादात ती उडी मान्य झाली नाही. मैदान समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे, याचे बंधन मात्र नाही. बॉब बीमनची 1968 मधील 8.90 मीटरची उडी मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत, नेमक्या 2.0 वाऱ्यात झाली आणि ती मान्य झाली.

वेळेच्या बाबतीत स्टॉपवॉचवर विसंबणे घातक आहे. बंदुकीचा आवाज किंवा धूर जाणवून बोट दाबेपर्यंत क्षण निघून जातो, म्हणून हाताने घेतलेली वेळ साधारण पाव सेकंदाने चांगली दिसते. 400 मीटरपर्यंतच्या शर्यतींसाठी 1977 पासून पूर्ण स्वयंचलित वेळच ग्राह्य धरली जाते, आणि यंत्रणा बंदुकीबरोबरच सुरू होते याची शून्य-चाचणी घेऊन तिची प्रतिमा जपून ठेवावी लागते. फोटो फिनिशमधील हजारांश नेहमी वरच्या शंभरांशात धरले जातात. 2006 मध्ये दोहा येथे जस्टिन गॅटलिनची 100 मीटरमधील 9.766 ही वेळ आधी 9.76 अशी जाहीर झाली व नंतर ती 9.77 अशी दुरुस्त करावी लागली, त्यामुळे नवा विक्रम केवळ बरोबरीचा उरला. पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात तोही रद्द झाला.

रस्त्यावरील शर्यतींत चूक मार्ग आखतानाच होते. आरंभ आणि शेवट यांच्यातील सरळ रेषेतील अंतर शर्यतीच्या निम्म्यापेक्षा अधिक नसावे, आणि एकूण उतार किलोमीटरमागे एक मीटरच्या आत असावा. समजा, पन्हाळ्यावरून कोल्हापूरकडे अर्धमॅरेथॉन आखली, तर 21 मीटरची मुभा घाट उतरतानाच संपेल आणि दोन्ही टोकेही फार दूर पडतील. हीच शर्यत उलट दिशेने नेली तर उताराचा प्रश्न मिटतो, अंतराचा मिटत नाही. बोस्टन मॅरेथॉनच्या प्रसिद्ध मार्गालाही हीच अडचण आहे, म्हणून 2011 मध्ये जेफ्री मुताईने तेथे दिलेली 2:03:02 ही वेळ विक्रम ठरू शकली नाही. रंकाळ्याभोवतीची फेरी त्या मानाने सोयीची. पण ती घड्याळातील जीपीएसने मोजणे पुरेसे नाही. मान्यताप्राप्त मोजणीदाराने जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारे उपकरण) बसवलेल्या सायकलवरून मार्ग मोजायला हवा.

सरावात किंवा खास घडवून आणलेल्या धावेत दिलेली वेळही चालत नाही. एलिउड किपचोगेने 2019 मध्ये व्हिएन्नात 1:59:40 मध्ये मॅरेथॉनचे अंतर पूर्ण केले, परंतु ती खुली स्पर्धा नव्हती आणि वेग राखणारे धावपटू सतत बदलत होते. वैयक्तिक प्रकारात किमान तीन खरे स्पर्धक लागतात. उत्तेजक चाचणी स्पर्धा संपताच करावी लागते, म्हणून नमुना घेणाऱ्या अधिकाऱ्यांची व्यवस्था आधीच ठरलेली असावी.