ऑस्ट्रेलियाच्या खेड्यात राहताय? आजारी पडण्याआधी या चुका टाळा

अण्णांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. मी पहिलं काम काय केलं, तर गाडीची किल्ली शोधली. सांगलीकडची सवयच ती: पेशंट उचलायचा, मागच्या सीटवर घालायचा आणि सुटायचं. आम्ही न्यू साउथ वेल्समध्ये राहतो, पण सिडनीपासून सहा-सात तास आत. चहूबाजूंना गहू आणि मेंढ्या, आणि सगळ्यात जवळचं हॉस्पिटल ४५ किलोमीटरवर.

स्वतः गाडी काढणं

अंधार पडला की रस्त्यावर कांगारू येतात. घाबरलेला माणूस शंभरच्या वेगाने गाडी हाकतोय आणि समोर कांगारू, म्हणजे एकाऐवजी दोन पेशंट. त्याहून मोठं कारण म्हणजे इथल्या छोट्या हॉस्पिटलात रात्री पुष्कळदा फक्त नर्स असतात आणि डॉक्टर व्हिडिओवर. कुठल्या पेशंटला कुठे न्यायचं हे ॲम्ब्युलन्सवाल्यांना माहीत असतं, आपल्याला नसतं. पॅरामेडिक घरातच ईसीजी काढतात, तो पुढे डॉक्टरांना पाठवतात आणि गरज पडली तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देतात. आपल्या गाडीत यातलं काय आहे? अण्णांचं शेवटी पित्त निघालं, पण गाडी चालवताना मला ते थोडंच माहीत होतं!

ट्रिपल झिरोला सगळी कहाणी सांगत बसणं

ट्रिपल झिरो म्हणजे इथला इमर्जन्सी नंबर, ०००. फोन उचलणारा पहिला माणूस डॉक्टरही नसतो आणि ॲम्ब्युलन्सचाही नसतो. त्याला एवढंच हवं असतं: पोलीस, फायर की ॲम्ब्युलन्स, आणि कुठलं गाव, कुठलं राज्य. ‘ॲम्ब्युलन्स’ म्हणा आणि थांबा, तो लाइन जोडून देतो. आपले लोक त्यालाच सकाळच्या नाश्त्यापासून सांगू लागतात. इंग्रजी अडत असेल तर भाषेचं नाव घेऊन दुभाषा मागता येतो. आईवडिलांना ‘हिंदी’ मागायला शिकवा, अपरात्री मराठी दुभाष्याची वाट बघण्यापेक्षा ते बरं.

मग पत्ता विचारतात, आणि खरी गंमत इथे होते. ‘पवनचक्कीच्या पुढे डावीकडे’ हे आपल्याकडे चालतं, तिथे कुणीतरी टपरीवर बसलेलं असतं आणि वाट दाखवतं. इथे वीस किलोमीटर माणूस दिसत नाही. गेटवरचा ग्रामीण नंबर पाठ करा. तो उगाच दिलेला नसतो: रस्ता जिथे सुरू होतो तिथपासून तुमच्या गेटपर्यंतचं मीटरमधलं अंतर, भागिले दहा. म्हणजे १२५० नंबरचं घर साडेबारा किलोमीटरवर, आणि सम आकडा म्हणून उजव्या हाताला. रस्त्याचं सुरुवातीचं टोक कुठलं तेही माहीत करून घ्या. शेतात किंवा रस्त्यात असाल तर ‘इमर्जन्सी प्लस’ हे सरकारी ॲप तुमचं नेमकं ठिकाण दाखवतं, ते आजच उतरवून ठेवा.

भारतातून आणलेल्या फोनवर विसंबणं

हे फार थोड्यांना माहीत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात थ्रीजी बंद झालं. बाहेरून आणलेल्या काही फोनवर इंटरनेट, व्हॉट्सॲप सगळं झकास चालतं, पण ०००चा फोन फोर-जीवरून लागत नाही. असे फोन कंपन्यांना नेटवर्कवरून बंद करावे लागतात. आईबाबा येणार असतील तर त्यांच्या फोनचं मॉडेल कंपनीला आधीच विचारा, नाहीतर इथे आल्यावर एक साधा फोन घेऊन द्या.

‘११२ लावला की सिग्नल नसला तरी लागतो, सॅटेलाइटवरून जातो’ ही अफवा आपल्या ग्रुपांत वर्षानुवर्षं फिरते आहे. मोबाइलवरून ११२ लावला तरी तो ०००कडेच जातो. तुमच्या कंपनीचा सिग्नल नसेल तर दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून हे फोन लागतात, पण एकही टॉवर आवाक्यात नसेल तर दोन्ही नंबर मुके. घरचा फोन इंटरनेटवर चालणारा असेल तर वीज गेल्यावर तोही गेला.

‘मेडिकेअर आहे की’ असं धरून चालणं

मेडिकेअर म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, आणि तो कुणाला मिळतो ते सगळं व्हिसावर अवलंबून आहे. ४९१ म्हणजे रीजनल व्हिसावाल्यांना मेडिकेअर मिळतं. विद्यार्थी, ४८२ या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आलेले आणि भेटीला आलेले आईवडील यांना मिळत नाही, कारण ज्या ११ देशांशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर करार आहे त्यांत भारत नाही. त्यांचा विमा काढावाच लागतो. तो काढताना एक ओळ नीट वाचा: आधीपासूनच्या आजारांना बहुतेक पॉलिसींत १२ महिन्यांची प्रतीक्षा असते. सहा महिन्यांसाठी येणाऱ्या मधुमेही सासऱ्यांना अशा पॉलिसीचा उपयोग किती, ते तुम्हीच ठरवा.

मेडिकेअर असलं तरी ॲम्ब्युलन्सचा खर्च त्यात नाही. क्वीन्सलँड आणि टास्मानियात तिथल्या रहिवाशांना ती मोफत, बाकीच्यांना बिल येतं आणि लांबच्या गावातून ते चांगलंच मोठं येतं. मी त्या रात्री किल्ली शोधली त्यात थोडी भीती या बिलाची होती, हे कबूल करतो. व्हिक्टोरियात वर्षाची मेंबरशिप मिळते, इथे न्यू साउथ वेल्समध्ये खाजगी विम्यातून कव्हर घेता येतं. ते घ्या आणि विषय संपवा.

आजारी पडल्यावर डॉक्टर शोधणं

छोट्या गावांत दवाखान्याच्या दारावर ‘नवीन पेशंट घेत नाही’ अशी पाटी दिसते. म्हणून राहायला आल्याच्या पहिल्याच महिन्यात कुठल्यातरी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव घाला, तब्येत ठणठणीत असली तरी. आपल्याकडे गुडघा दुखला की थेट हाडांच्या डॉक्टरकडे. इथे जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्पेशालिस्टकडे गेलात तर मेडिकेअरचे पैसे परत मिळत नाहीत. न्यू साउथ वेल्समध्ये स्पेशालिस्ट १०० किलोमीटरच्या पलीकडे असेल तर प्रवास आणि मुक्कामाच्या खर्चाचा काही भाग सरकार देतं. त्या योजनेचं नाव आणि अंतराची अट राज्याप्रमाणे बदलते, रिसेप्शनवर विचारा, आपणहून कुणी सांगत नाही.

इमर्जन्सीत तासभर बसवून ठेवलं म्हणून काउंटरवर आवाज चढवू नका. नंबर येण्याच्या क्रमाने लागत नाही, गंभीरतेच्या पाच पायऱ्यांवर लागतो. पहिलीला तत्काळ, पाचवीला दोन तासांच्या आत.

गावाकडचे सापाचे उपाय

जखम धुवू नका: कातडीवरच्या विषावरून हॉस्पिटलला साप ओळखता येऊ शकतो. कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं, सगळं बंद. रुंद इलॅस्टिक बँडेज पूर्ण हातापायाला घट्ट गुंडाळा, तो हलू नये म्हणून काठी बांधा, माणसाला एक पाऊलही चालू देऊ नका आणि ००० लावा. हे बँडेज इथल्या सापांसाठी आहे. आपल्याकडच्या घोणस-फुरशाला असं घट्ट बांधायचं नसतं, तेव्हा इथलं शिकून गावी जाऊन शहाणपणा करू नका.

औषधांचा डबा

तीन महिन्यांपुरतीच औषधं आणा, सोबत इंग्रजी प्रिस्क्रिप्शन, त्यात ब्रँडचं नाही तर मूळ औषधाचं नाव. ‘डोलो’ म्हटलं तर फार्मसीत कुणाला कळत नाही, पॅरासिटामॉल म्हटलं की कळतं. कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्या फेब्रुवारी २०१८पासून चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. आणि शनिवारी दुपारी गावातली फार्मसी बंद झाली की सोमवारपर्यंत तुमचा डबा हीच फार्मसी.

आता आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवला आहे. आईसाठी देवनागरीत लिहिलाय: ‘ॲम्ब्युलन्स. हिंदी प्लीज.’ खाली गेटचा नंबर, रस्त्याचं नाव, गावाचं नाव, अण्णांच्या गोळ्या. आई रोज चहा ठेवताना तो एकदा मोठ्याने वाचते. अण्णा म्हणतात, हिची आरती सुरू झाली.