पेनड्राइव्ह की रॅम? आधी टास्क मॅनेजर उघडा

जुने, दमलेले कॉम्प्युटर घरोघरचे लोक माझ्याकडे आणून ठेवतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "एखादा पेनड्राइव्ह लावून हा फास्ट होईल का गं?" प्रश्न चुकीचा नाही. विंडोज व्हिस्टा २००७ साली बाजारात आली तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच 'रेडीबूस्ट' नावाची सोय दिली होती, ती याचसाठी. पण ती कुठे कामाची आणि कुठे नाही, हे समजून न घेता लोक पेनड्राइव्ह लावून बसतात आणि फरक पडला नाही म्हणून हिरमुसतात. म्हणून काहीही विकत घेण्याआधी मशीन नक्की कशावर अडतंय ते बघा.

रोज जी कामं करता ती सगळी उघडा. ब्राउझरचे नेहमीचे टॅब, एखादी एक्सेलची फाइल, व्हिडिओ कॉल चालत असेल तर तोही. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन 'मेमरी' आणि 'डिस्क' या दोन आकड्यांवर थोडा वेळ नजर ठेवा (विंडोज ७ मध्ये डिस्कचा आकडा इथे नसतो, तो त्याच पानावरच्या 'रिसोर्स मॉनिटर'मध्ये दिसतो).

मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि त्याच वेळी डिस्कही शंभराला टेकलेली दिसली, तर रॅम, म्हणजे चालू कामं तात्पुरती ठेवायची जागा, कमी पडतेय. रॅममध्ये जागा उरली नाही की विंडोज मेमरीतला काही मजकूर हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवते आणि लागेल तेव्हा परत ओढून आणते. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरी पूर्ण करायला साधारण ८ मिलिसेकंद लागतात. रॅमचं काम नॅनोसेकंदांत होतं. टॅब बदलताना पडदा पांढरा होऊन थिजतो ना, तो वेळ या ओढाताणीत जातो.

मेमरी पन्नास-साठ टक्क्यांवर निवांत आणि डिस्क मात्र शंभरावर असेल, तर रॅम वाढवून फारसं काही हाती लागणार नाही. तिथे हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. आणि दोन्ही आकडे शांत असून प्रोसेसर सतत शंभर टक्के दिसत असेल, तर आधी 'स्टार्टअप'मधली नको असलेली सॉफ्टवेअर बंद करा आणि व्हायरस स्कॅन करा.

आता पेनड्राइव्ह. रेडीबूस्ट पेनड्राइव्हला रॅम बनवत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. हार्ड डिस्कवरच्या मजकुराची एक नक्कल ते पेनड्राइव्हवर ठेवतं, आणि इथून-तिथून लहान लहान तुकडे वाचायचे असतील तेव्हा ते तिथून उचलतं. हार्ड डिस्कला प्रत्येक तुकड्यासाठी वाचणारं हेड हलवावं लागतं, पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश चिपमध्ये हलणारा भागच नसतो. मोठी फाइल सलग वाचायची असेल तर मात्र हार्ड डिस्कच वरचढ ठरते, आणि विंडोज ती तिथूनच वाचते. म्हणजे फायदा होतो तो १-२ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेल्या, विंडोज व्हिस्टा किंवा ७ च्या काळातल्या मशीनवर. रॅम पुरेशी असेल तर फरक जाणवतही नाही. विंडोज एसएसडीवर असेल तर या वाटेला जाऊच नका. विंडोज ७ पासून तर डिस्क पुरेशी वेगवान आढळली की रेडीबूस्ट स्वतःच नकार देतं.

तुमचं मशीन खरोखर त्या जातीचं असेल तर असं करा. पेनड्राइव्ह रिकामा करून एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट करा, कारण फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. तो मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या यूएसबी पोर्टात लावा. त्याच्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रेडीबूस्ट' टॅब उघडा, वापरायचा पर्याय निवडा आणि रॅमच्या एक ते अडीच पट जागा द्या. पेनड्राइव्हचा वेग अपुरा असेल तर विंडोज तिथेच तसं सांगेल. मजकूर एन्क्रिप्ट करून ठेवला जातो आणि मूळ प्रत हार्ड डिस्कवर असतेच, त्यामुळे कुणी चुकून पेनड्राइव्ह उपटला तरी तुमचे फोटो कुठे जात नाहीत.

मला विचाराल तर जमत असेल तिथे रॅमच वाढवावी. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर खाली किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं (विंडोज ७ मध्ये ते दिसत नाही, तिथे कॅबिनेट उघडून बघा). विंडोज ३२ बिट असेल तर थांबा: घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढे जात नाही, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच वापरायला मिळते. आधी ६४ बिट विंडोज टाका, मग रॅम आणा. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या; डीडीआर३ च्या स्लॉटात डीडीआर४ बसत नाही, दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. लॅपटॉपची रॅमची पट्टी, म्हणजे स्टिक, आखूड, डेस्कटॉपची लांब. आणि काही सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे काही करता येत नाही. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर जास्तीत जास्त किती चालते ते वाचूनच खरेदी करा. दोन स्लॉट असतील तर सारख्या क्षमतेच्या दोन स्टिक घ्या. त्या ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन्ही एकाच वेळी, चालतात, आणि ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांना त्याचा फायदा चांगलाच जाणवतो.

बसवताना घाई नको. शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन करा म्हणजे मशीन पूर्ण बंद होतं. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. लॅपटॉप असेल तर बॅटरीही सोडवा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. स्टिक कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. स्लॉटची क्लिप उघडा, खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या. तो जरा जास्तच द्यावा लागतो, नवख्या माणसाचा हात तिथे कचरतो. क्लिप आपोआप 'टक्' करून बंद झाली म्हणजे स्टिक बसली. लॅपटॉपमध्ये ती तिरकी आत सरकवून मग खाली दाबायची.

सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला किंवा बीप वाजू लागले, तर रॅम खराब निघाली असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा एक टोक अर्धवट बसलेलं असतं. प्लग काढून स्टिक पुन्हा बसवा, नंतर एकेक स्टिक लावून बघा. मशीन नीट सुरू झालं की विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबून येणाऱ्या 'रन'च्या चौकटीत mdsched (एमडीशेड) टाइप करून मेमरीची तपासणी लावून द्या. मशीन रीस्टार्ट होऊन तपासणी करेल, रॅम जास्त असेल तर वेळही बराच लागेल. तेवढं होईपर्यंत जुनी स्टिक कुणाला देऊन टाकू नका.