घाणेरी काढताना या चुका टाळा

पहिल्या वर्षी राईतली सगळी घाणेरी (लँटाना हे बाहेरून आलेलं, फोफावणारं झुडूप; काही भागांत हिलाच टणटणी म्हणतात) कोयत्याने बेणून घेतली. मे महिन्यात ऐन-किंजळाची खोडं या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायला लागली. गणपतीत गावी गेलो, तर एकेका बुंध्यातून सात-आठ नवे फुटवे आलेले, कमरेएवढे.

घाव चुकीच्या जागी पडला होता. घाणेरी जमिनीच्या वर कापली की मरत नाही, उलट फोफावते. एक बुंधा उकरून बघा. खोड संपून मूळ सुरू होतं तिथे जाड गाठ असते. फुटव्यांचे डोळे तिथेच असतात. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेल्या पद्धतीत या गाठीखालीच घाव घालतात. भोवतीची माती सारायची, जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर कुदळीने मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं. सरळ टाकलेलं झुडूप ओल्या मातीत पुन्हा मुळं धरतं.

रानमोडी या दुसऱ्या उपद्रवी तणाला एवढा खटाटोप लागत नाही. तिची मुळं उथळ असतात, पावसाळ्यात हाताने उपटून निघते. मात्र फुलायच्या आत, म्हणजे दिवाळीआधी उपटा. नंतर हात लावलात तर बी वाऱ्यावर उडतं आणि राईभर तुम्हीच पेरणी केल्यासारखं होतं.

जेसीबी उतारावर घालूच नका. पहिल्या मोठ्या पावसात वरची माती वाहून जाते, आणि उकरलेल्या जागेत आधी रुजते ती पुन्हा घाणेरीच. शिवाय यंत्राला करवंद, कुडा, दिंडा ही ठेवायची देशी झुडपं ओळखता येत नाहीत. करवंदाच्या काटेरी जाळीत जांभळाचं, ऐनाचं रोप गुरांपासून वाचून वाढत असतं. जाळी गेली की तेही गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. कामाआधी गड्यांना राईतून फिरवा आणि ठेवायच्या झाडांना चिंध्या बांधा. सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ अशी नोंद असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा.

आग लावणं सगळ्यात वाईट. देशी रोपं जळून मरतात, घाणेरीचे बुंधे पुन्हा फुटतात.

काढलेला पाला गुरांच्या वाटेत टाकू नका. भुकेलं जनावर तो खातं, त्याचं यकृत बिघडतं आणि उन्हाने कातडी सोलवटते.

एकदा काढली की झालं, असंही समजू नका. बुलबुल काळी फळं खातात, फांदीवर बसतात आणि बी खाली पडतं. म्हणून पुढची दोन-तीन वर्षं पाऊस स्थिरावला की आधी मोठ्या झाडांखाली बघा. आमच्या बेहड्याखाली गेल्या आषाढात बोटभर उंचीची रोपं दाटीने आली होती. पानं खरखरीत, चुरगळली की तोच उग्र वास. तेवढी असताना ती चिमटीने निघतात.