कोकणात स्पोर्ट्स कार: घेण्याआधीचा हिशेब आणि घेतल्यावरची निगा

उत्पन्न वाढलं की दारात चांगली गाडी यावी असं वाटण्यात गैर काहीच नाही. पण रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडच्या किनारपट्टीवर राहणाऱ्याने नव्वद लाखांची दोन दारांची गाडी घ्यावी की नाही, हे शोरूममधल्या किमतीवरून ठरवू नये. ते दोन गोष्टींवरून ठरवावं: तुमचं सगळ्यात पडेल, म्हणजे कमी कमाईचं, वर्ष किती वाईट असतं, आणि तुमच्या दारापर्यंत येणारा रस्ता कसा आहे. आधी पैशाचं बघू.

कोकणात पैसा दरमहा सारखा येत नाही. हापूस एका वर्षी झाड वाकवतो आणि पुढच्या वर्षी मोहरच धरत नाही. मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि वादळ आलं की आणखी दिवस जातात. होमस्टे दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यावर चालतात, पावसात खोल्या रिकाम्या. त्यामुळे गेल्या पाच वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या, बँकेची स्टेटमेंट आणि रिटर्न समोर घ्या आणि त्यातलं सगळ्यात वाईट वर्ष निवडा. त्यातून खत, फवारणी, मजुरी, डिझेल, जाळी, चालू हप्ते आणि आयकर वजा करा. जो आकडा उरेल, तेवढंच तुमचं उत्पन्न धरा. चांगलं वर्ष हिशेबात घ्यायचंच नाही.

महामार्गाच्या भूसंपादनाचा मोबदला किंवा कातळ विकून आलेली रक्कम म्हणजे वाढलेलं उत्पन्न नव्हे. तो पैसा एकदाच येतो आणि गाडीचा खर्च दरवर्षी येतो. मोबदल्यातून गाडी घेतली की तिसऱ्या वर्षी विम्याचा हप्ता भरायला शेतीतला पैसा काढावा लागतो. हे गावोगावी दिसतं.

आणखी एक पथ्य पाळा. जूनमध्ये वाशीच्या बाजारातल्या आंब्याचा हिशेब चुकता झाला की लगेच बुकिंग करू नका. दिवाळीपर्यंत थांबा. तोवर पावसाळ्यातली दुरुस्ती, मुलांच्या फिया, कल्टार (मोहरासाठी कलमांना घालायचं औषध), बागेची साफसफाई असे सगळे खर्च होऊन गेलेले असतात. त्यानंतर खात्यात जे उरतं ते खरं.

“गाडी धंद्यात दाखवली की टॅक्स वाचतो” हा सल्ला बागायतदाराच्या कामाचा नाही. आंब्या-काजूचं शेती उत्पन्न मुळात करमुक्त असतं, त्यामुळे घसारा दाखवायला समोर करपात्र नफाच नसतो. हॉटेल किंवा दुसरा धंदा असेल तर घसारा वर्षाला १५ टक्के मिळतो, पण पहिल्या वर्षी गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर त्याच्या निम्मा. घरगुती वापराचा भाग नामंजूर होऊ शकतो. अशा गाडीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (धंद्याच्या जीएसटीतून वजावट) मिळत नाही. शिवाय महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर रोड टॅक्स २० टक्के पडतो, तर स्वतःच्या नावावर वीस लाखांवरच्या, आयात न केलेल्या पेट्रोल गाडीला १३ टक्के. नव्वद लाखांच्या गाडीत हा फरक ६ लाख ३० हजारांचा होतो.

नव्वद लाखांची गाडी महिन्याला किती खाते

एक्स-शोरूम ९० लाख धरू. त्यात ४० टक्के जीएसटी आलेला असतो (२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना हाच दर आहे). रोड टॅक्स (गाडी आयात केलेली नसेल तर) ११ लाख ७० हजार. दहा लाखांवरच्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतलेला आयकर) घेतो, म्हणजे ९० हजार. तो रिटर्न भरताना परत मिळतो किंवा करात वळता होतो, म्हणून आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसतोय ना ते तपासा. झिरो डेप्रिसिएशनसह (दाव्यात भागांचा घसारा न कापणारा) पहिल्या वर्षाचा विमा तीन लाखांच्या आसपास धरा. ऑन-रोड आकडा १ कोटी ५ लाखांवर जातो.

यातले ६० लाख पाच वर्षांच्या कर्जाने, ९ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे १ लाख २४ हजार ५५० रुपये बसतो. बहुतेक लोक इथे थांबतात आणि “सव्वा लाख झेपेल” म्हणतात. खरा खर्च वेगळाच असतो.

सगळ्यात मोठा खर्च घटणाऱ्या किमतीचा. विम्याची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) कशी उतरते ते बघा: एक वर्षापर्यंत १५ टक्के, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३० आणि तीन वर्षं उलटली की ४० टक्के. म्हणजे ९० लाखांची गाडी तीन वर्षं पुरी झाल्यावर कागदावर ५४ लाखांची उरते. गेले ३६ लाख, वर्षाला १२ लाख. कर्जाचं व्याज पाच वर्षांत सुमारे १४ लाख ७३ हजार, म्हणजे वर्षाला जवळपास ३ लाख. स्वतःचे घातलेले ४५ लाख मुदत ठेवीत राहिले असते तर ७ टक्क्यांनी वर्षाला ३ लाख १५ हजार आले असते. तेही खर्चातच धरायचे. विमा अडीच लाख, सर्व्हिस सव्वा लाख, टायरसाठी बाजूला पाऊण लाख, वर्षाला ६ हजार किलोमीटरचं पेट्रोल ८० हजार, गंज आणि गॅरेजची निगा अर्धा लाख, अशी आणखी सहाएक लाखांची भर. एकूण २४ लाख, महिना दोन लाख. रोड टॅक्स यात धरलेलाच नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. हा वार्षिक खर्च पडेल वर्षाच्या शिलकीच्या दहा टक्क्यांच्या आत असावा. म्हणजे नव्वद लाखांच्या गाडीला वाईट वर्षातही २ कोटी ४० लाख हातात हवेत. हा नियम कडक आहे आणि कडकच असावा, कारण कोकणात दोन वाईट वर्षं लागोपाठ येतात.

शिल्लक चाळीस लाख असेल तर वर्षाला चार लाखांत बसणारी गाडी बघा. एवढ्यात गाडी चालवण्याची मजा भरपूर मिळते. फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचं दीड लिटरचं टर्बो इंजिन १५० पीएस ताकद देतं, पोट जमिनीपासून १७९ मिमी वर असतं आणि ती पावसातही चालते. कुंभार्ली किंवा आंबा घाटात याहून जास्त ताकद वापरायला जागाच मिळत नाही. त्यापेक्षा वरचं काही हवं असेल तर तीन-चार वर्षं वापरलेली गाडी घ्या. मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते.

रस्ता आणि घर मोजून घ्या

हे काम बुकिंगच्या आधी करा, त्याला एक दुपार पुरते. पोर्श ९११ ची पुढच्या आणि मागच्या चाकांमधली लांबी २४५० मिमी, बीएमडब्ल्यू झेड४ ची २४७० मिमी. पोट जमिनीपासून साधारण १२ सेंटीमीटर वर. अडीच मीटरची सरळ लाकडी पट्टी घ्या, दोन्ही टोकांखाली १२ सेंटीमीटर उंचीचे ठोकळे खिळ्याने मारा. ही पट्टी घरापासून महामार्गापर्यंतच्या प्रत्येक गतिरोधकावर आडवी न ठेवता गाडीच्या दिशेने ठेवा आणि हळूहळू पुढे सरकवा. मध्ये कुठे पट्टी टेकली की तिथे गाडीचं पोट घासणार. प्रमाणानुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्यावरून पट्टी सुटते. ग्रामस्थांनी श्रमदानाने घातलेला अरुंद, वीतभर उंचीचा ढिगारा मात्र अडवतो.

दुसरं माप अंगणाच्या चढाचं. नाकाखालची जागा एवढी कमी असते की सहा फुटांना एक फूट यापेक्षा तीव्र चढ चालत नाही. चढ जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथली धार काँक्रीटने गोलसर करून घ्या, कारण बंपर नेहमी तिथेच फाटतो. पोर्शमध्ये पुढचा एक्सल सुमारे ४० मिमी उचलण्याची सोय पैसे भरून मिळते. कोकणात गाडी ठेवायची तर ती घ्याच. दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा असलेल्या पाखाडीतून यायचं असेल तर आरसे उघडे ठेवून रुंदी मोजा आणि रस्ता त्याहून एक फूट जास्त रुंद आहे ना ते बघा.

फेरीबोटीचंही बघून ठेवा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळला भरतीच्या वेळी रॅम्प बऱ्यापैकी सपाट असतो, पूर्ण ओहोटीला तो एवढा उतरता होतो की बुटकी गाडी टेकते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच निघा.

टायर हा वेगळा विषय आहे. ९११ कॅरेरा एसचा मागचा टायर ३०५/३० आर२१ मापाचा असतो, म्हणजे त्याची बाजू जेमतेम ९ सेंटीमीटर उंच. साइडपट्टी खचलेल्या डांबराची धार किंवा जांभ्याचा तुकडा लागला की बाजूची भिंत कापली जाते. ती पंक्चरसारखी जोडता येत नाही, टायर बदलावाच लागतो. स्टेपनी बहुधा नसतेच. चिपळूण किंवा कणकवलीत हे माप मिळेल या भरवशावर राहू नका, एक जोडी आधीच आणून अंधाऱ्या, थंड खोलीत ठेवा. घेताना टायरवरचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, म्हणून जून ते सप्टेंबर ही गाडी रस्त्यावर काढूच नये. वर्षाचे चार महिने असे गेले, आणि महिना दोन लाख त्या चार महिन्यांतही चालूच राहतात.

सर्व्हिससाठी कंपनीनुसार मुंबई, पुणे, गोवा किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. बिघडलेली गाडी दोरीने ओढायची नाही, फ्लॅटबेडवरच (सपाट पाठीच्या ट्रकवर) चढवायची. रोडसाइड असिस्टन्समध्ये किती किलोमीटरपर्यंत फुकट नेतात ते बुकिंगआधी लेखी घ्या.

वापरलेली घेताना

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकता येते, म्हणून गाडी कुठलीही असो, हे तपासा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते का बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट, डिकीतल्या गालिच्याखालचा पत्रा आणि फ्यूज बॉक्सचे कोपरे टॉर्चने पाहा. तांब्याच्या जोडांवर हिरवट थर असेल तर खारी हवा आत पोचली आहे. लिफ्टवर चढवून ब्रेकच्या नळ्या आणि सस्पेन्शनचे बोल्ट बघा. ॲल्युमिनियमच्या भागात पोलादी बोल्ट असतो तिथे मिठामुळे गंज सगळ्यात आधी धरतो.

आणि ती E20 (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनलेली आहे का, हे कंपनीच्या पुस्तकात पाहा. एप्रिल २०२३ आधीच्या गाड्यांमध्ये रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनवलेले असतीलच असं नाही.

घेतलीच तर: पावसाळ्याची तयारी

मे अखेरीस गाडी गोड्या पाण्याने, विशेषतः खालून, धुवा. किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी मचूळ असतं, ते वापरलं तर गंज उलट वाढतो. धुतल्यावर वीसेक मिनिटं चालवून ब्रेक सुकवा, नाहीतर डिस्क आणि पॅड एकमेकांना धरतात. पोकळ भागांत मेण मारून घ्या, पण ब्रेक, सायलेन्सर, रबर आणि सेन्सरवर ते उडू देऊ नका.

टाकी भरून ठेवा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी वेगळं होतं आणि पंपात तेच जातं. टाकीत हवा कमी तर ओलावा कमी. टायरमध्ये पुस्तकात दिलेल्या मर्यादेपर्यंत थोडी जास्त हवा भरा. हँडब्रेक न लावता चाकांना लाकडी ठोकळे लावा. बॅटरीला मेंटेनर (ती भरलेली ठेवणारा चार्जर) जोडा आणि त्याच्या मागे सर्ज प्रोटेक्टर, कारण पावसात वीज जाते-येते. १२.४ व्होल्टखाली बॅटरी बराच काळ राहिली की ती मरते.

गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. आत घाम धरतो आणि चामड्यावर बुरशी येते. हवा खेळणारं कापडी कव्हर घाला, आत कॅल्शियम क्लोराइडचे दोन डबे ठेवा आणि भरलेलं पाणी पंधरवड्याने ओता. भिंतीलगत उंदराचे पिंजरे लावा, वायरिंग कुरतडलं की बिल लाखात जातं.

आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करायची सवय सोडा. तेवढ्यात तेल तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्येच राहतं. काढायची तर अर्धा तास चालवा, नाहीतर हात लावू नका. पाण्यात अडकून बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना मारलेल्या स्टार्टरने रॉड वाकतात, आणि इंजिन प्रोटेक्शनचं कलम घेतलेलं नसेल तर विमा कंपनी ते नुकसान देत नाही. उन्हाळ्यात पुळणीवर फोटोसाठीही गाडी नेऊ नका, खारी वाळू ब्रेकच्या कॅलिपरमध्ये बसते. वेग अनुभवायचा असेल तर कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर जा, पण शर्यत आणि वेगचाचणी नेहमीच्या पॉलिसीत धरत नाहीत हे लक्षात ठेवा.

विकायची ठरली तर वॉरंटी संपायच्या सहा महिने आधी आणि दसऱ्याच्या सुमारास काढा. कर्ज फिटल्यावर बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा आधीच उतरवा, आणि विक्रीच्या दिवशी मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय चावी देऊ नका.