पेसमेकर, आयसीडीचं रिमोट मॉनिटरिंग: या चुका टाळा

पेसमेकर (मंद ठोक्यांना आधार देणारं) किंवा आयसीडी (ठोके धोकादायक बिघडले तर शॉक देणारं) यंत्र छातीत बसवलं, की त्याची माहिती घरूनच क्लिनिकला पोचवता येते. यालाच रिमोट मॉनिटरिंग म्हणतात. त्यासाठी घरी आलेला मॉनिटर, म्हणजे ही माहिती पुढे पाठवणारा डबा, अनेकदा हॉलमध्ये टीव्हीशेजारी लावला जातो. गडबड तिथूनच सुरू होते. छातीतलं यंत्र आपली माहिती बहुधा मध्यरात्रीनंतर, माणूस झोपलेला असताना पाठवतं आणि त्याचा पल्ला जेमतेम दोन-तीन मीटर असतो. मॉनिटर पलंगाशेजारी दोन मीटरच्या आत ठेवा. रात्री त्याचं बटण बंद करू नका.

मॉनिटरऐवजी फोनवर अ‍ॅप असेल तर चुकांना जास्त वाव. ब्लूटूथ बंद केलं, अ‍ॅप ‘फोर्स स्टॉप’ केलं किंवा बॅटरी सेव्हरने ते झोपवलं, की माहिती जाणं थांबतं आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. नवा फोन घेतला तर जोडणी पुन्हा करावी लागते. नुसतं अ‍ॅप उतरवून भागत नाही. फोन रात्री दीड मीटरच्या आत हवा, पण यंत्रापासून किमान १५ सेंटीमीटर लांब. शर्टाच्या खिशात तर नकोच: आयफोन १२ आणि त्यापुढच्या बऱ्याच फोनमधल्या चुंबकांचा यंत्रावर परिणाम होऊ शकतो.

काळजीपोटी रोज हाताने माहिती पाठवणंही चुकीचं. त्याने यंत्राची बॅटरी लवकर उतरते, आणि ती चार्ज होत नाही. यंत्रच शस्त्रक्रियेने बदलावं लागतं.

सगळ्यात धोकादायक समज म्हणजे ‘कुणीतरी सतत बघतंय’. यंत्राकडून आलेले इशारे, म्हणजे अलर्ट, सहसा क्लिनिकच्या कामाच्या वेळेत पाहिले जातात. आयसीडीचा एकच शॉक बसला आणि बरं वाटत असेल, तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन करून माहिती पाठवा. २४ तासांत दोन किंवा जास्त शॉक बसले, किंवा एका शॉकनंतरही चक्कर, छातीत दुखणं, धाप असेल, तर मॉनिटरपाशी थांबू नका, १०८ लावा.

क्लिनिकांकडूनही चूक होते: अलर्ट बघतात, ज्यांच्या यंत्राची माहिती येणंच थांबलंय अशा, तुटलेल्या जोडण्यांची यादी बघत नाहीत. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार प्रत्यक्ष तपासणी २४ महिन्यांपर्यंत लांबवता येते, पण प्रकृती स्थिर आणि जोडणी अखंड असेल तरच. गणपतीला गावी गेलेला रुग्ण मॉनिटर मुंबईतच ठेवून गावातच महिनोन्‌महिने राहिला, तर त्याच्यावर ना घरून लक्ष, ना क्लिनिकमधून. मुक्काम लांबणार असेल तर मॉनिटर सोबत न्या, क्लिनिकला कळवा, आणि रेंज कमी असेल तर तो खिडकीजवळ, पण पल्ल्यातच ठेवा.

डिस्चार्जच्या वेळी तीन गोष्टी लिहून घ्या: अलर्ट कोण बघतं, कोणत्या नंबरवर फोन करायचा, आणि जोडणी तुटल्यावर किती दिवसांनी क्लिनिककडून फोन येतो.