लहानपणी ‘वात’ झाला होता? दर एकवीस दिवसांनी घ्यायच्या इंजेक्शनात या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडे एखाद्या सुनेबद्दल ‘हिला लहानपणी वात होता’ असं ऐकलं की मला आधी तिच्या हृदयाची काळजी वाटते. असा ‘वात’ म्हणजे संधिवाताचा ताप (ऱ्हुमॅटिक फीव्हर) असू शकतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूने सुजतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा सुजतो, परवा घोटा. सांधे बरे होतात, पण हृदयाची झडप खराब होऊ शकते, आणि दम लागायला कधी कधी वीस वर्षं जातात. कित्येकींना ते पहिल्या गरोदरपणात कळतं. हा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात.

ए.एस.ओ. (स्ट्रेप्टोकोकस जंतू येऊन गेल्याचं दाखवणारी रक्ततपासणी) वाढला म्हणून घाबरू नका. घसा नुकताच येऊन गेला तरी तो आकडा वाढतो. तेवढ्यावर वर्षानुवर्षं इंजेक्शनं घेऊ नका. निदान लक्षणं, तपासणी आणि हृदयाच्या इकोवरून होतं. मूल अचानक हातपाय वेडेवाकडे हलवायला लागलं, अक्षर बिघडलं, हातातली भांडी पडायला लागली, तर त्याला रागावू नका, अंगारे-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. तेही याच तापाचं लक्षण असू शकतं.

बरं वाटलं म्हणून इंजेक्शन सोडणं. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. बेंझाथिन पेनिसिलिनचा असर तीन आठवड्यांनंतर कमी होतो, आणि पुन्हा ताप आला की झडप आणखी बिघडते. हृदयाला काही झालं नसेल तरी किमान पाच वर्षं, झालं असेल तर दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ इंजेक्शन लागतं. कधी थांबवायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं. जत्रा आहे, ऊसतोड आहे, गोव्याला कामाला जायचंय, तर दोन दिवस आधी घ्या, पण पुढे ढकलू नका. आणि इंजेक्शनचं कार्ड सोबत न्या. इथे कर्नाटकात आपलं कार्ड कन्नडात असतं, मिरजेला किंवा कोल्हापुरात ते वाचता येईलच असं नाही. औषधाचं नाव, डोस आणि शेवटची तारीख इंग्रजीतही लिहून घ्या.

रिॲक्शनच्या भीतीने नकार. जीवघेणी ॲलर्जी अगदी क्वचित होते. ज्यांची झडप फारच खराब आहे, त्यांना मात्र इंजेक्शनने चक्कर येऊन धोका होऊ शकतो. अशांना तज्ज्ञ गोळ्या देऊ शकतात. म्हणून दवाखान्यात हृदयाची स्थिती आधीच सांगा.

घसा आला तर दिलेलं अँटिबायोटिक पूर्ण संपवा, पेनिसिलिन गोळ्यांचा कोर्स दहा दिवसांचा असतो.

लग्न ठरताना लपवणं. आईबाप का लपवतात ते मला कळतं. पण सासरी कुणाला माहीत नसेल तर इंजेक्शन तुटतं, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात लागणारा दम ‘पोट वाढतंय’ म्हणून सोडून दिला जातो. पेनिसिलिन गरोदरपणात चालतं. धातूची झडप बसवलेली मुलगी रक्त पातळ करणारं औषध घेत असेल, तर दिवस राहण्याआधीच तिला हृदयतज्ज्ञाकडे न्या. ते औषध स्वतःच्या मनाने बंद केलं तर झडपेत रक्ताची गाठ धरते.