आपल्या बांध्याला साजेशी बेसबॉल पिचिंग कशी घडवावी

बेसबॉलचा पिचर रबरच्या पट्टीवर पाय ठेवून जागेवरूनच चेंडू टाकतो. क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजाप्रमाणे त्याला धावत येता येत नाही, पण वाकवलेले कोपर सरळ करण्याची पूर्ण मुभा असते. त्यामुळे 60 फूट 6 इंचांवरील होम प्लेटकडे (फलंदाज जिच्याजवळ उभा असतो त्या पाटीकडे) जाणाऱ्या चेंडूचा सारा वेग त्याला एका पावलातून आणि धडाच्या पिळातून मिळवावा लागतो. केवळ उंची पाहून पिचर निवडण्याची सवय म्हणूनच अन्यायकारक आहे. रँडी जॉन्सन 6 फूट 10 इंच उंच होता, तर पेड्रो मार्टिनेझ आणि टिम लिन्सेकम 5 फूट 11 इंचांचे. अमेरिकेत वर्षातील सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मात्र तिघांनीही एकाहून अधिक वेळा जिंकला.

सर्वप्रथम खेळाडूची उंची, वजन आणि हातांची लांबी नोंदवावी. हात लांब असेल, तर खांदा तेवढ्याच गतीने फिरूनही पंजाचा वेग वाढतो, शिवाय चेंडू प्लेटच्या अधिक जवळून सुटतो आणि फलंदाजाला कमी वेळ मिळतो. मात्र लांब अवयवांचा मेळ बसायला वेळ लागतो. जॉन्सननेही 1990 ते 1992 अशी सलग तीन वर्षे अमेरिकन लीग या तिथल्या प्रमुख स्पर्धेत सर्वाधिक वॉक (नेम चुकलेल्या चार चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला तळ) दिले होते. झपाट्याने उंची वाढणाऱ्या मुलाचा नेम बिघडला, तर त्याला रागावू नये.

यानंतर रबरपासून पुढच्या पायापर्यंतचे अंतर मोजावे. ते सहसा उंचीच्या 80 ते 100 टक्के असते. लिन्सेकमचे पाऊल तर त्याच्या उंचीपेक्षाही लांब पडे. कमी उंचीच्या पिचरने पाऊल हळूहळू वाढवावे, परंतु पुढचा गुडघा चेंडू सुटताना खचू लागला किंवा कंबर पूर्ण वळेनाशी झाली, तर ते आखडते घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो क्रम. पुढचा पाय टेकताना कंबर प्लेटकडे वळू लागलेली असावी आणि खांदे अजून मागेच राखलेले असावेत. मग धड फिरावे, त्यामागून हात यावा आणि पुढचा पाय ताठ होत शरीराला रोखून धरावा, म्हणजे पायांतून निघालेली शक्ती बोटांपर्यंत पोहोचते. खांदे लवकर उघडले, तर धडाकडून मिळायचा वेग हाताला एकट्याने काढावा लागतो आणि कोपरावरील ताण वाढतो. हे सारे डोळ्यांना टिपता येत नाही, म्हणून बाजूने आणि समोरून चित्रफीत घेऊन ती संथ गतीने पाहावी.

हाताचा कोन कोणाचीही नक्कल करून ठरवू नये. एवढा उंच असूनही जॉन्सन हात आडवा ठेवून चेंडू टाकत असे.

बांधा थोराड आणि चेंडूचा वेग जास्त असेल, तर कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर अधिक भार येतो. डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये पिचर टॉमी जॉन यांच्यावर केलेली प्रसिद्ध शस्त्रक्रिया याच अस्थिबंधाची होती. म्हणून धिप्पाड मुलालाही वयाचीच मर्यादा लावावी. अमेरिकेतील ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शिकेनुसार 9–10 वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त 75, 11–12 वर्षांच्याने 85 आणि 13–14 वर्षांच्याने 95 पिच टाकाव्यात. कोपराच्या आत दुखू लागल्यास संख्या शिल्लक असली तरी फेक त्याच क्षणी थांबवावी आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मुलाला पुन्हा माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उभे करू नये.